गोव्यात मॅच बघायला बार शोधताय? या चुका टाळा

ऑक्टोबर उजाडला की म्हापशात राहणाऱ्या माणसाचा फोन वाजायला लागतो. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, सावंतवाडी, सगळीकडून एकच विचारणा: "शनिवारी येतोय, मॅच बघायला भारी बार सांग." सांगितलेला बार बाजूला ठेवून मंडळी जातात भलतीकडेच आणि रविवारी सकाळी तक्रारी ऐकवतात. आवाज नव्हता. आमची मॅच लावलीच नाही. अर्ध्यात शटर ओढलं. वर्षानुवर्षं तक्रारी त्याच, कारण चुका त्याच. गोव्यात बारला तोटा नाही, पण मॅच चालू असताना मॅच हेच मुख्य काम मानणारे बार मोजके आहेत. ते सापडतात, मात्र त्यासाठी थोडी चौकशी करावी लागते, आणि नेमका त्याचाच लोकांना कंटाळा असतो.

समुद्र बघून बार ठरवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. वाळूत खुर्च्या, समोर मोठा पडदा, मागे लाटा. फोटो बघून कुणाचंही मन जाईल. पण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त जागेत आतल्या आत आवाज चालतो, उघड्या शॅकमध्ये नाही. गोव्यात या नियमावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत, गावकरी तक्रार करतात, पोलीस येतात. आणि युरोपातलं बहुतेक मोठं फुटबॉल आपल्याकडे सुरू होतं ते रात्रीच.

१८ डिसेंबर २०२२. अर्जेंटिना-फ्रान्स, विश्वचषकाची फायनल. माझे कोल्हापूरचे मित्र आले होते. तालमीच्या संघांमागे शाहू स्टेडियमवर घसा फोडणारी ही पोरं, त्यांना फुटबॉल शिकवायची माझी लायकी नाही. पण बार निवडताना त्यांनी ऐकलं नाही. "भावा, समुद्राच्या कडेला बसून मेस्सीला कप उचलताना बघायचा, बास," असं म्हणून उत्तरेतल्या एका किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये पुढची टेबलं आधीच धरून ठेवली होती. म्हापशातल्या एका बंद हॉलच्या बारमध्ये जागा मिळत होती, ते मी दोनदा सांगून पाहिलं.

मॅच साडेआठला सुरू झाली. २३व्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी, ३६व्या मिनिटाला दी मारियाचा गोल. वाळूत नाच सुरू. मध्यंतर संपून मॅच पुन्हा सुरू झाली आणि दहा वाजले. शॅकच्या मालकाने येऊन आवाज बंद केला. "धा वाजले बाब," एवढंच बोलला. त्याचं काही चुकलं नव्हतं, परवाना त्याचा होता. फायनल खऱ्या अर्थाने पेटली ती त्यानंतर. ८०व्या मिनिटाला फ्रान्सच्या एम्बापेची पेनल्टी आणि दीडएक मिनिटात त्याचाच दुसरा गोल. आमच्यासमोर हे सगळं मुक्याने चाललं होतं. कॉमेंट्री नाही, स्टेडियमचा गलका नाही.

त्यात शॅकवाल्याने पडद्याला मोबाईलवरचं स्ट्रीमिंग जोडलं होतं. शेजारच्या रेस्टॉरंटमध्ये डिश होती. तिथली किंकाळी आधी यायची, गोल आम्हाला नंतर दिसायचा. मेस्सीचा १०८व्या मिनिटाचा गोल तसाच कळला, एम्बापेचा ११८व्याचाही. टायब्रेकरमध्ये तर प्रत्येक किकचा निकाल शेजारून आधी येत होता. अर्जेंटिनाच्या मोन्तिएलने शेवटची किक मारण्याआधीच शेजारी खुर्च्या उडत होत्या. चार वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो या पोरांना शेजाऱ्याच्या ओरड्यावरून कळला. परतताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

म्हणून माझी सवय अशी: मॅच रात्री दहाच्या पुढे जाणार असेल तर मी आधी दार शोधतो. चार भिंती, छत आणि लावता येणारं दार असलेली जागा. ती बहुतेक वेळा किनाऱ्यापासून आत असते, म्हापसा, पर्वरी, पणजी, मडगाव अशा गावांत. समुद्र संध्याकाळी बघून घ्यावा, मॅचला आत यावं. चॅम्पियन्स लीगची फायनल आता २०२६ पासून युरोपात संध्याकाळी सहाला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊला सुरू होते. उघड्यावर बसाल तर पहिल्या अर्ध्या तासात आवाज जाईल.

"मॅच लावता ना?" एवढंच विचारणं

या प्रश्नाला गोव्यातला कुठलाही बारवाला "हो" म्हणतो, आणि खोटं बोलत नसतो. टीव्ही आहे, चॅनल आहे, लावेल. पण चार गोष्टी वेगळ्या विचाराव्या लागतात: कुठली मॅच, कुठल्या स्क्रीनवर, आवाज कुणाचा, आणि सिग्नल डिशचा की इंटरनेटचा.

एप्रिलमधला शनिवार घ्या. इंग्लंडमध्ये दुपारी तीनला सुरू होणारी प्रीमियर लीगची मॅच तेव्हा आपल्याकडे साडेसातला येते. आयपीएलची संध्याकाळची मॅचही साडेसातलाच. बारमध्ये आठ स्क्रीन असोत की अठरा, आवाज एकाचाच असतो, आणि कळंगुट-बागा पट्ट्यात तो आयपीएलचा असणार, कारण टेबलं तीच मंडळी भरतात. त्यात गैर काही नाही. मला स्वतःला मार्च-एप्रिलमध्ये उराकचा (काजूच्या हलक्या दारूचा) ग्लास घेऊन आयपीएल बघायला आवडतं. पण आर्सेनलसाठी पुण्याहून गाडी हाकत आलेल्या माणसाने कोपऱ्यातल्या मुक्या टीव्हीकडे मान वाकडी करून बसावं, याचं मला वाईट वाटतं. दुपारी एक फोन केला असता तर हे टळलं असतं.

डिश आणि इंटरनेटच्या फरकाला लोक हसतात. वरची गोष्ट वाचूनही हसू येत असेल तर गर्दीच्या गल्लीत स्ट्रीमिंगवर मॅच बघून या. फॉर्म्युला वनचा मात्र अपवाद. भारतात ती २०२४ पासून फॅनकोडवर आहे, म्हणजे इंटरनेट लागणारच. तिथे बारवाल्याकडे फॅनकोडचं सदस्यत्व आहे का, हे आदल्या दिवशी विचारा. "तुमच्या मोबाईलवरून जोडा की" असं उत्तर आलं तर दुसरा बार बघा.

मी स्वतः फोनवर एवढ्यावरही थांबत नाही. दुपारी चारच्या सुमारास, बार रिकामा असताना, एक चक्कर मारतो. कुठल्या टेबलावरून खांब आडवा येतो, एसीचं तोंड कुठे आहे, स्पीकर स्क्रीनजवळ आहेत की सगळे डीजेच्या कोपऱ्यात, हे त्या वेळी दिसतं. वेटर निवांत असतो आणि खरं बोलतो. "साडेदहाला डीजे सुरू होतो" हे मला अशाच एका दुपारी कळलं आणि पुढची रात्र वाचली.

घड्याळ न बघणं

दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात, मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पुढे येतात. आपलं घड्याळ हलत नाही. म्हणून सप्टेंबरमध्ये साडेसातला असलेली मॅच नोव्हेंबरमध्ये साडेआठला येते, दहाची अकराला जाते आणि चॅम्पियन्स लीगची साडेबाराची दीडला. उन्हाळ्यातल्या वेळा पाठ करून लोक डिसेंबरात येतात, तासभर आधी पिऊन बसतात आणि दुसऱ्या हाफला डुलक्या काढतात.

त्याहून वाईट म्हणजे वाराचा घोळ. चॅम्पियन्स लीगची "बुधवारची" मॅच आपल्याकडे गुरुवार उजाडल्यावर, मध्यरात्रीनंतर असते. बुधवारच्या पहाटे दीडला बारसमोर उभं राहून, ही दुसरीच मॅच कशी काय, असं विचारणारे मी पाहिले आहेत. आणि दीडला सुरू होणारी मॅच साडेतीनपर्यंत चालते. तेवढ्या उशिरापर्यंतचा परवाना सगळ्या बारकडे नसतो. म्हणून "किती वाजता उघडता" हे विचारण्यात अर्थ नाही, "किती वाजता बंद करता" हे विचारा. २०२६च्या विश्वचषकासारखी अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोतली स्पर्धा असली की बहुतेक मॅच मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत येतात. तिथे बारचा हट्ट सोडावा, घरीच पोरं जमवावीत.

रेटिंगवर विसंबणं

नकाशावर "स्पोर्ट्स बार" टाकायचं, वरचे तीन निवडायचे, निघायचं. मला हा आळस मनापासून खटकतो. साडेचार तारे कॉकटेलला असतात, पोर्क विंदालूला असतात, सूर्यास्ताला असतात. मॅच बघायला ती जागा कशी आहे याचा त्यात मागमूस नसतो. रेटिंग बघायचंच तर फोटो चाळा आणि मॅचच्या रात्रीचा फोटो शोधा. लोकांच्या अंगात जर्सी आहेत का, माना एका दिशेला आहेत का? तसा एकही फोटो नसेल तर तो स्पोर्ट्स बार फक्त पाटीवर आहे. "टॉप टेन" याद्या मागणाऱ्यांना मी यादी देत नाही. इथे दर सीझनला जागा नव्या माणसाकडे जाते, मालक बदलला की स्क्रीन जातात आणि हुक्का येतो.

याद्यांत कधीच न येणारे बार दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात आहेत. बाणावली, कोलवा, चिंचिणी, असोळणे या बाजूच्या गावांत एकच टीव्ही, पाच-सहा टेबलं, फुटबॉल बघत म्हातारा झालेला मालक. गिऱ्हाइकांत गावच्या मैदानावर खेळलेले निम्मे. विश्वचषकात पोर्तुगाल आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, आणि ते झेंडे कुणाला दाखवायला लावलेले नसतात. मध्यंतरात गप्पा निघतात त्या गोव्याच्या जुन्या क्लबांच्या: धेंपोच्या पाच राष्ट्रीय विजेतेपदांच्या, चर्चिल ब्रदर्सच्या, साळगांवकरच्या गोलमध्ये उभ्या राहणाऱ्या ब्रह्मानंद संखवाळकरांच्या. अशा ठिकाणी मालकाला "पात्रांव" म्हणून हाक मारा, आधी एक किंग्ज बिअर मागवा, चोरीस-पाव (गोव्याचं सॉसेज आणि पाव) असेल तर खा आणि चॅनल बदलायला सांगू नका. तिथे जी मॅच लागेल ती बघायची. आल्या आल्या "क्रिकेट लावा" म्हणणारे आपलेच लोक असतात, आणि मग "गोव्यातले लोक तुसडे" म्हणत परततात. जरा बसा, ऐका. फुटबॉल कसं बघतात ते तिथे शिकायला मिळतं.

बाकी चुका, थोडक्यात

संध्याकाळी पाचच्या मॅचला किनाऱ्यावरच्या प्रोजेक्टरसमोर बसू नका, पश्चिमेचा उजेड असेपर्यंत पडद्यावर काही दिसत नाही.

ऑगस्टमध्ये लीग सुरू होते तेव्हा पावसाळ्यासाठी काढलेले शॅक परत लागलेले नसतात, गेल्या जानेवारीतला शॅक शोधत हिंडू नका. पावसात वीज जाते, जनरेटर आहे का ते विचारा.

इथे दारू पिण्याला वयाची अट आहे. कॉलेजची पोरं घेऊन येणाऱ्यांनी हे निघण्याआधी लक्षात घ्यावं.

मतदान संपायच्या आधीचे ४८ तास मद्यविक्री बंद असते. तारीख बघून या.

मोठ्या मॅचला टेबल राखून ठेवताना "स्क्रीनसमोरचं" असं स्पष्ट म्हणा, आणि किक-ऑफच्या तासभर आधी जाऊन बसा. पंधरा मिनिटं आधी येऊन वेटरशी भांडणाऱ्यांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही.

परतीचं मात्र एका ओळीत सांगून भागणार नाही. रात्री कदंबच्या बसचा भरवसा धरू नका. ओला-उबर इथे नाहीत, गोवामाइल्स आहे, पण आतल्या गावात मध्यरात्री गाडी मिळेलच असं नाही. पिवळ्या मडगार्डचे पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले, त्या वेळेला घरी झोपलेले असतात. आणि भाड्याच्या स्कूटरवर, दोन बिअर पोटात घेऊन, अंधाऱ्या वळणांच्या रस्त्याने जाणारी पोरं मला दर शनिवारी दिसतात. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण मी दंडासाठी सांगत नाही, या रस्त्यांवर माणसं मरतात म्हणून सांगतो. राहायची जागा बारपासून चालत जाण्याइतकी जवळ घ्या, किंवा टॅक्सीवाल्याशी जातानाच परतीची वेळ आणि पैसे ठरवा आणि त्याचा नंबर दोघांच्या फोनमध्ये ठेवा. मी आधी परतीची सोय बघतो, मग बार.

मडगावात असून एफसी गोवाची मॅच बारमध्ये बघणं

याचा मला खरोखर राग येतो. फातोर्ड्याचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम मडगावातच आहे. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने तिथे झाले. २०२५च्या ऑक्टोबरात एफसी गोवा तिथे रोनाल्डोच्या अल नासरशी खेळली. रोनाल्डो आला नाही म्हणून हळहळणाऱ्यांतले कितीतरी जण त्या रात्री टीव्हीसमोर बसले होते. घरची मॅच असेल तर तिकीट काढा, केशरी जर्सी मिळाली तर घाला आणि उजेड असतानाच फातोर्ड्याला पोचा. बार नंतर. मॅच सुटल्यावर मडगावातल्या बारमध्ये त्याच मॅचची चिरफाड चालू असते, आणि तिकडे मॅच बघून आलेल्या माणसाला लगेच खुर्ची सरकवून देतात.