कचेरीचा आजारपण निधी काढायचाय? आधी वही आखा

आमच्या कचेरीच्या क्रेडिट सोसायटीत, म्हणजे आम्ही बडोदेकर जिला नुसतं ‘मंडळी’ म्हणतो तिच्यात, मी बरीच वर्षं मानद खजिनदार होते. नोकरी सरकारी, टेबल जमाखर्चाचं, आणि गुजराती-मराठी सगळेच मला ‘कुलकर्णीबेन’ म्हणायचे. निवृत्त झाले तरी अजून कुठल्या ना कुठल्या कचेरीतलं कुणीतरी दांडिया बाजारातल्या माझ्या घराचा जिना चढून येतं. "बेन, आम्हालाही सभासदांसाठी दवाखान्याचा निधी काढायचाय." चहा होईपर्यंत त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते.

पहिलं म्हणजे त्याला विमा म्हणू नका. पावतीवर नाही, ठरावात नाही, व्हॉट्सअॅपवर तर मुळीच नाही. विम्याचा धंदा करायचा तर इर्डाची, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते आणि आरोग्य विमा कंपनीला किमान 100 कोटींचं भागभांडवल. आपण दोन-अडीचशे पगारदार ते कुठून आणणार? आपला तो सहाय्य निधी. नियमात "सभासदाला रक्कम मिळण्याचा हक्क राहील" असं लिहिलंत की फसलात. "नियमांत बसत असेल आणि निधीत शिल्लक असेल तर समिती मदत मंजूर करील" असं लिहा. मंडळीच्या पोटनियमांत अशा निधीची सोय आहे का तेही पाहा. नसेल तर साधारण सभेत दुरुस्ती करून रजिस्ट्रारकडून मंजूर करून घ्या. या कामाला वेळ लागतो, पण ते टाळलंत तर ऑडिटर दारातच अडवतो.

"असा नुसत्या समितीच्या भरवशावरचा निधी टिकतो का?" असं प्रत्येक सभेत कुणीतरी विचारतंच. इंग्लंडात पोस्टाच्या कामगारांनी 1905 साली क्षयरोग्यांसाठी वर्गणी काढायला सुरुवात केली आणि केंटमधल्या बेनेंडेन गावी आरोग्यधाम उभं केलं. पुढे इतर सरकारी नोकरही त्यात आले. ती संस्था आजही सभासदांच्या मालकीची आहे आणि मदत द्यायची की नाही हे आजही संस्थाच ठरवते, विम्यासारखा करार नाही. वर्गणी तरुण-म्हातारे सगळ्यांना एकच. आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचं? आपल्या बडोद्यातच विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी 1889 साली ‘अन्योन्य’ मंडळी काढली होती. सहकाराचा कायदा तेव्हा देशात नव्हताच. अन्योन्य म्हणजे एकमेकांचं. नावातच सगळं आलं.

आता वर्गणी. फ्रान्समधल्या शिक्षकांची 1946 सालची एमजीईएन नावाची परस्पर संस्था, म्हणजे सभासदांनीच सभासदांसाठी चालवलेली संस्था आहे, तिथे वर्षानुवर्षं पगाराच्या टक्केवारीने वर्गणी घेत. मला हेच न्याय्य वाटतं आणि सभेत मी ते मांडलंही. हरले. साहेब लोकांपेक्षा ड्रायव्हरनेच जास्त विरोध केला: "बेन, कमी भरलं तर उद्या मदत मागताना मान खाली घालावी लागेल." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. महिना सरसकट 100 रुपये ठरले. तुम्ही काहीही ठरवा, पण गणित फळ्यावर मांडा. समजा 230 सभासद. वर्षाचे 2,76,000. त्यातला तिसरा हिस्सा, 92,000, हात न लावता राखीव. उरले 1,84,000. एका कुटुंबाला वर्षाला जास्तीत जास्त 20,000 दिले, तर नऊ जणांना पूर्ण मदत होते. फक्त नऊ! हा आकडा ऐकून सभेत शांतता पसरते, आणि ती पसरलेलीच बरी.

इतक्या पैशात आख्खं ऑपरेशन होणार नाही, मग निधीने काय भरायचं? फ्रान्समध्ये डॉक्टरच्या ठरलेल्या फीतले साधारण 70 टक्के सरकारी सामाजिक सुरक्षा देते आणि उरलेला भाग परस्पर संस्था. आपणही सरकारने दिल्यावर जे भगदाड राहतं तेवढंच बुजवायचं. आमच्या एका शिपायाच्या बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हाची फाइल आठवते. वर डिस्चार्ज समरी, खाली पिनने टोचलेल्या मेडिकलच्या पावत्या, आणि सरकारी मंजुरीच्या कागदावर लाल पेनाने कापलेल्या ओळी: हातमोजे, सिरिंज, ड्रेसिंग, नोंदणी फी. सगळे मिळून 4,860 रुपये. आम्ही त्या लाल ओळीच भरल्या. म्हणून सभासदाला सांगा, आधी कचेरीत बिल टाक, मंजुरीचा कागद घेऊन ये, मग अर्ज. मूळ पावत्या कचेरीत जातात, तेव्हा झेरॉक्सवर साहेबांची सही हवी.

आमची मोठी चूक प्रतीक्षाकाळाची, म्हणजे सभासद झाल्यावर मदत मागण्याआधी जितकं थांबायचं त्या काळाची. पहिल्या वर्षी तो ठेवलाच नाही. एक गृहस्थ जूनमध्ये सभासद झाले आणि जुलैत त्यांची अँजिओप्लास्टी. लबाड होते असं मी म्हणणार नाही. दार उघडं आम्हीच ठेवलं होतं. तशी आणखी दोन प्रकरणं आली, निधी दिवाळीआधी आटला आणि पंचविशी-तिशीतली पोरं म्हणू लागली, "आम्ही कशाला भरायचं?" पोरं गेली की मागे आजारीच उरतात, मग वर्गणी वाढते, की आणखी पोरं जातात. हे चक्र सुरू होण्याआधीच मोडावं लागतं. बेनेंडेनवाले बहुतेक उपचारांसाठी सहा महिने थांबवतात. ऑस्ट्रेलियातल्या आरोग्य विम्यात आधीपासूनच्या आजाराला 12 महिन्यांपर्यंत थांबवता येतं, आणि शिक्षकांच्या सभासद-मालकीच्या संस्थेलाही तोच नियम. आम्ही दोन्ही उचललं: प्रवेश फक्त एप्रिलमध्ये, एरवी सहा महिने, जुन्या आजाराला बारा. अपघाताला थांबणं नाही. मध्येच सोडून परत आला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

समितीत पाच जण पुरे, एक बाई आणि एक चतुर्थश्रेणी असलेच पाहिजेत. एकदा एका सहकारी मैत्रिणीच्या गर्भपाताच्या फाइलची चर्चा कॅन्टीनपर्यंत पोचली. ती महिनाभर डबा टेबलावरच खात होती. तेव्हापासून मी फाइलवर नावाच्या जागी कागदाची पट्टी चिकटवून नुसता नंबर घालत असे. ज्याचा अर्ज, तो किंवा त्याचा नातेवाईक समितीत असेल तर त्या दिवशी बाहेर बसेल. नकार लेखी द्या, कारणासकट, आणि साधारण सभेत दाद मागायची मुभा ठेवा. तिथे साहेबालाही एकच मत आणि शिपायालाही एकच.

वही आखताना एक रकाना हमखास राहतो: उपचाराची तारीख. लोक फक्त पैसे दिल्याची तारीख लिहितात. मार्चमध्ये झालेल्या ऑपरेशनचं बिल कचेरीतून सुटून जूनमध्ये आपल्याकडे येतं. त्यामुळे 31 मार्चला दिसणारी शिल्लक खरी नसते, आणि ती पाहून कुणीतरी सभासदांना स्टीलचे डबे वाटायची सूचना मांडतंच. मागच्या दोन वर्षांत उन्हाळ्यात आलेली जुनी बिलं किती होती ते काढा आणि तेवढी रक्कम वेगळी दाखवा. डब्यांचा विषय ऑगस्टमध्ये घ्या.