कातलेल्या लोकरीची जाळीदार शाल: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

माझी पहिली जाळीची शाल तिरकी झाली. विणायला घेतला होता चौकोन, आणि सुयांवरून उतरला तो एका बाजूला कललेला. टाके मोजले, बरोबर होते. ओळ अन् ओळ तपासली, एकही जाळी चुकलेली नव्हती. भिजवून, ताणून, टाचण्या लावून वाळवली तेव्हा सरळ झाली खरी, पण पुढच्या धुण्यात पुन्हा कलली. दोष विणण्यात नव्हताच. मी एकपदरी धागा वापरला होता, त्याला पीळ भरपूर होता, आणि सुटायला धडपडणारा तो पीळ प्रत्येक टाक्याला एकाच दिशेला ओढत होता.

हे उमगायला मला कित्येक महिने लागले. म्हणून नव्या माणसाला मी वीण दाखवण्याआधी धाग्याबद्दल बोलते. शाल लवचीक होणार की ताठ, जाळी उघडी राहणार की मिटणार, दोन टाके एकत्र घेताना धागा टिकणार की तुटणार, हे सगळं कातत असतानाच ठरून गेलेलं असतं. विणताना त्यातलं फार थोडं बदलता येतं.

लोकर निवडताना सगळ्यात मऊ लोकरीचा मोह टाळा. मेरिनो बोटांना हवीहवीशी वाटते, पण तंतू फार बारीक असतो आणि नवख्या हातात त्याच्या गुठळ्या होतात. शिवाय गरम पाण्यात जरा घासली गेली की ती पटकन नमद्यासारखी आळते. काश्मिरी बकरीची मऊ लव तर आणखी कठीण, कारण तंतू आखूड असतात आणि पीळ पुरेसा बसण्याआधीच धागा हातातून सुटतो. मध्यम लांबीची, थोडी पकड असलेली लोकर घ्या. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरच्या मेंढीची लोकर मला यासाठी फार आवडते. विंचरून, सगळे तंतू एका दिशेला लावलेला पेळू मिळाला तर उत्तम. रंग फिका असावा. गडद लोकरीत चुकलेला टाका दिव्याखाली धरूनही दिसत नाही.

आता पीळ. इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

जाळीच्या शालीसाठी धागा दुपदरी करा. दोन पदर एकमेकांवर वळले की धाग्याचा आकार पूर्ण गोल राहत नाही, आणि ते पदर टाक्यात एकमेकांना थोडे बाहेर ढकलतात, त्यामुळे जाळीचं भोक उघडं राहतं. तीन पदरांचा धागा गोल आणि भरीव होतो. मोज्यांना तो छान, जाळीत मात्र भोकं भरून टाकतो. दुसरं कारण तिरकेपणाचं. एकेक पदर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कातला आणि दोन्ही पदर मिळून उलट दिशेने पिळले, की एकाचा जोर दुसऱ्याला खातो आणि धागा शांत होतो.

किती पीळ द्यायचा, हे शब्दांत सांगणं अवघड आहे, पण तपासायची एक सोपी रीत आहे. नुकताच कातलेला हातभर पदर सैल सोडा, तो आपोआप स्वतःभोवती वळेल. तो वळलेला तुकडा म्हणजेच तुमचा होणारा दुपदरी धागा. सुतळीसारखा कडक वाटला तर पीळ जास्त. वळणं लांब लांब पडली आणि हलक्या ओढीने तंतू सरकायला लागले तर कमी. मनासारखा तुकडा मिळाला की तो एका पुठ्ठ्यावर चिकटवा, शेजारी एकपदरी तुकडाही गुंडाळा, आणि पुठ्ठा चरख्याला बांधून ठेवा. दर पंधरा-वीस मिनिटांनी ताजा तुकडा त्याच्याशी ताडून बघायचा. ताजाच हवा. बॉबिनवर, म्हणजे कातलेला धागा गुंडाळला जातो त्या रिळावर, रात्रभर राहिलेला पदर निपचित पडतो, पीळ दाखवत नाही, आणि पाण्यात पडला की पुन्हा जागा होतो. माझी फसगत नेमकी इथे झाली होती. शिळ्या बॉबिनवरून तुकडा तपासत होते आणि पीळ कमी आहे असं समजून वाढवत गेले.

बारीक धाग्याला पीळ जास्तच लागतो. तंतू मोजके असतात, त्यांना धरून ठेवायला दुसरं काही नसतं. चरखा असेल तर सगळ्यात लहान चाकीवर पट्टा चढवा आणि धागा आत ओढण्याचा जोर अगदी कमी ठेवा. लटकती टकळी असेल तर ती हलकी हवी, वीस ग्रॅमच्या आसपासची. जड टकळीने बारीक धागा तुटतो, आणि आपण उगाच हातांना दोष देत बसतो.

पिळून झालेली लड फाळक्यावरून, म्हणजे धागा गुंडाळायच्या चौकटीवरून, उतरवली की चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात वीसेक मिनिटं बुडवून ठेवा, पिळवटू नका, फक्त दाबून पाणी काढा. दोन हातांत धरून दोन-तीन झटके द्या आणि मोकळी टांगा. वजन लावू नका. वजनाने ताणून वाळवलेला धागा सरळ दिसतो, पण शाल धुतली की पहिल्या दिवशीचे सगळे वळसे परत येतात.

धागा किती लागतो? खांद्यांवर नीट बसणाऱ्या मध्यम शालीला मी 100 ग्रॅममध्ये साधारण 800 मीटर दुपदरी धागा धरते. म्हणजे एकपदरी 1600 मीटर कातायचा, आणि मग दोन पदर पिळताना आणखी 800 मीटर हातांतून जाणार. एकूण 2400 मीटर. हा आकडा घाबरवण्यासाठी सांगत नाही. तो माहीत असला की महिना-दीड महिना नुसतं कातण्यात गेला तरी मन खट्टू होत नाही. आणि विणायला बसण्याआधी सगळा धागा कातून घ्या. दुसऱ्या शालीच्या वेळी मला धीर धरवला नाही. अर्ध्या धाग्यावर विणायला सुरुवात केली आणि उरलेला दोन महिन्यांनी कातला. मधल्या काळात माझा हात बदलला होता, धागा जाड येऊ लागला होता. त्या शालीत नेमकी कुठली ओळ नव्या धाग्याची, हे आजही लांबून दाखवता येतं.

सगळ्या लडी तयार असल्या की त्या शेजारी शेजारी ठेवून जाडीप्रमाणे लावता येतात. थोड्या जाड लडी काठाला, बारीक लडी मधल्या भागाला. दोन लडींत फरक असेल तर दोन ओळी एकीच्या, दोन ओळी दुसरीच्या अशा विणत जा, फरक विरून जातो. नवा धागा जोडताना गाठ मारू नका. दोन्ही टोकांचे पदर थोडे उसवून एकमेकांवर ठेवा, ओले करा आणि तळहातांमध्ये जोरात चोळा, लोकर आळून एकजीव होते. रेशमाला मात्र हे लागू नाही, ते आळत नाही.

नमुना विणण्याचा कंटाळा मलाही होता. आता मी नमुन्याशिवाय शालीचा एकही टाका घालत नाही. 40 टाके घ्या, साडेतीन मिलिमीटरच्या सुयांवर तळहाताएवढा तुकडा विणा, मग पावणेचार आणि चार मिलिमीटरवर. इतक्या बारीक धाग्याला एवढ्या जाड सुया चुकीच्या वाटतील. वाटू द्या. तिन्ही तुकडे भिजवा, ताणून टाचण्या लावा, पूर्ण वाळवा, आणि मगच ठरवा. सुईवरचा तुकडा काही सांगत नाही. मागच्या शालीचा माझा नमुना सुईवर 17 सेंटिमीटर रुंद होता, वाळल्यावर 23 भरला. शालीला किती टाके घ्यायचे हे त्या 23 वरून ठरवायचं असतं.

वीण निवडताना पहिल्या वेळी शेटलंडची 'ओल्ड शेल' घ्या. 18 टाक्यांची ही वीण लाटांसारखी दिसते. तीन वेळा दोन टाके एकत्र, मग सहा वेळा सुईवर धाग्याचा वेढा घेऊन (यानेच भोक पडतं आणि एक टाका वाढतो) एक टाका सुलट, मग पुन्हा तीन वेळा दोन टाके एकत्र. सहा टाके कमी झाले, सहा वाढले, हिशोब जुळला. चार ओळींत फक्त एक ओळ जाळीची, बाकीच्या साध्या. सगळी जाळीची विणकला याच हिशोबावर उभी आहे: प्रत्येक वेढ्यासाठी कुठेतरी एक टाका कमी होतो. तो शेजारीच असेल असं नाही, पाच टाके दूरही असू शकतो, आणि त्या अंतरामुळेच पानं, लाटा, वळणं उमटतात. चार्ट, म्हणजे चौकटींत खुणांनी मांडलेली वीण, वाचताना हे डोक्यात असलं की खुणा पाठ कराव्या लागत नाहीत. चार्टची सरळ बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची, एवढं मात्र विसरू नका.

एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. शेटलंडच्या आणि रशियातल्या ओरेनबर्गच्या शाली, दोन्ही हाताने कातलेल्या धाग्याच्या परंपरा, आणि दोन्हींकडे विणीची जमीन, म्हणजे नक्षीमागचं साधं कापड, दोन्ही बाजूंनी सुलट विणलेली असते. अशा विणीत पुढच्या ओळीची ओढ मागच्या ओळीला तोलते, धाग्यात थोडा जादा पीळ राहिला तरी कापड कलत नाही. ओरेनबर्गला बकरीच्या लवेचा धागा रेशमाच्या धाग्याबरोबर पिळतात, त्यामुळे त्या नाजूक लवेला आधार मिळतो. दोन्हीकडच्या बारीक शाली बोटातल्या अंगठीतून आरपार जातात म्हणून प्रसिद्ध आहेत. एस्टोनियातल्या हाप्सालूची शाल वेगळी. तिच्यात 'नुप' नावाचे फुगीर दाणे असतात, एका टाक्यातून साधारण सात टाके काढायचे आणि पुढच्या ओळीत ते सातही एकत्र उलट विणायचे. दिसतात अप्रतिम. पण ते सैल हाताने विणावे लागतात, आणि कमी पिळाचा धागा त्या सात टाक्यांत सुई घालताना चिरतो. आधी एक-दोन शाली होऊ द्या.

जाळीत टाका गळला की साध्या विणीसारखा वर उचलून घेता येत नाही, कारण त्याच्या शेजारचा वेढाही सुटतो. यावर उपाय एकच. विणीची एक आवृत्ती पूर्ण झाली की साध्या ओळीवर, सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून एक गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून घ्या. खाली काही बिघडलं तर तिथपर्यंत उसवा, टाके दोऱ्यावर थांबलेले असतात. माझ्या एका मैत्रिणीने शेवटच्या बारा ओळी राहिल्या असताना सगळी सुई निसटू दिली होती. दोरा होता म्हणून ती त्याच संध्याकाळी पुन्हा विणत होती.

टाके बंद करताना हात सैल ठेवा. घट्ट बंद केलेला काठ ताणला जात नाही आणि सगळी शाल त्याच्यापाशी आखडते. मी दोन टाके एकत्र सुलट विणून आलेला टाका परत डाव्या सुईवर घेते, आणि असंच पुढे जाते. ही कड भरपूर ताणली जाते. यासाठी सुईही एक नंबर जाड घेते.

मग भिजवणं. सुईवरून उतरलेली शाल चुरगळलेल्या चिंधीसारखी दिसते, त्याने निराश होऊ नका. कोमट पाण्यात अर्धा तास, अजिबात न चोळता. टॉवेलात गुंडाळून दाबा. जाड सपाट पृष्ठभागावर पसरा, कडांतून बारीक तारा ओवा, मधोमधपासून बाहेर ताणत न गंजणाऱ्या टाचण्या लावा, प्रत्येक टोकाला एक. पाण्याने लोकरीच्या तंतूतले नाजूक बंध सुटतात आणि वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात, म्हणून ती पूर्ण वाळेपर्यंत एकही टाचणी काढायची नाही. हात लावून कोरडी वाटली तरी आणखी एक रात्र राहू द्या. लोकर आत बरंच पाणी धरून ठेवते आणि वरून ओली लागत नाही.

शाल ठेवताना धुऊनच ठेवा, कसर मळलेली लोकर आधी गाठते. आणि उरलेला धागा, निदान दहा मीटर, त्या पुठ्ठ्यासकट जपून ठेवा. माझ्या तिसऱ्या शालीचा एक कोपरा दाराच्या कडीत अडकून फाटला होता. त्याच लोकरीच्या, त्याच पिळाच्या धाग्याने तो भाग पुन्हा विणून घेतला आणि भिजवून ताणला. आता ती जागा मलाच शोधावी लागते.