नेब्रास्कात नवीन आलात? आधी चाकोरी बघून या

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, ओमाहा शहरात घर मिळालं, गाडी घेतली, की नवीन आलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: "डेन्व्हर किती तासांवर?" आठ तास. त्या आठ तासांत आय-८० या महामार्गावरून मका दिसतो, मग पुन्हा मका, मधूनमधून धान्याची उंच कोठारं. परत आले की सांगतात, नेब्रास्कात बघण्यासारखं काही नाही. सतरा वर्षांपूर्वी मीही हेच सांगत फिरायचो. खोट त्या रस्त्याची आहे. ओगलाला गावाला आय-८० सोडा आणि २६ नंबरच्या हायवेला लागा, मग बोलू.

एक खुलासा आधीच करतो. यलोस्टोनसारखं 'नॅशनल पार्क' हे नाव मिरवणारी जागा या राज्यात एकही नाही. आहेत ती राष्ट्रीय स्मारकं, ऐतिहासिक उद्यानं, नदीचे राखीव पट्टे. सांभाळणारी राष्ट्रीय उद्यान सेवा मात्र तीच, रेंजरच्या डोक्यावरची टोपीही तीच. स्कॉट्स ब्लफ, होमस्टेड, अ‍ॅगेट फॉसिल बेड्स या तिन्ही ठिकाणी प्रवेश फुकट आहे, तेव्हा केवळ नेब्रास्कासाठी राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास काढू नका. राज्याच्या उद्यानांत गाडीचा वेगळा परवाना लागतो, तो तेवढा घ्या.

ओगलालापासून तासाभराच्या आत अ‍ॅश हॉलो हे राज्याचं उद्यान लागतं. तिथल्या विंडलास हिलवर चढून जा आणि पायाखाली बघा. गवतात खोल घळी पडलेल्या दिसतील. १८४० च्या दशकापासून १८६९ मध्ये देशाच्या आरपार जाणारा लोहमार्ग पुरा होईपर्यंत चारेक लाख माणसं ऑरेगन, कॅलिफोर्निया आणि यूटाकडे गेली, त्यांच्या असंख्य छपराच्या गाड्या या उतारावरून गेल्या. ही त्यांच्या चाकांची खूण. आपण 'चाकोरी' म्हणतो ते 'चाकोरीबद्ध आयुष्य' एवढ्यापुरतंच. मूळ अर्थाची चाकोरी मी पहिल्यांदा पाहिली ती इथे, साताऱ्यात नव्हे. उतार इतका तीव्र की चाकं जखडून, मागून दोर धरून गाड्या खाली सोडाव्या लागत.

गाड्या बहुतेक बैलांच्याच. घोड्याहून बैल स्वस्त, मिळेल त्या गवतावर जगणारा, ओढायला दमदार. गाडीत सामान, माणसं बरीचशी पायी. दिवसाला बारा-पंधरा मैल. म्हणजे आपण आय-८० वर बारा मिनिटांत कापतो ते अंतर त्यांच्या अख्ख्या दिवसाचं. पटकीनं वाटेतच मेलेले हजारो. प्लॅट नदीच्या दक्षिण काठानं ऑरेगनवाले आणि उत्तर काठानं यूटाकडे निघालेले मॉर्मन पंथाचे लोक, असं ढोबळ मानानं धरा. मॉर्मन लोकांचा १८४६-४७ च्या हिवाळ्याचा मुक्काम तर ओमाहाच्याच फ्लॉरेन्स भागात होता. ते बघायला शनिवारची एक दुपार पुरते.

अ‍ॅश हॉलोजवळच्या ब्लू वॉटर ओढ्यावर १८५५ मध्ये अमेरिकी सैन्यानं लाकोटा या मूळ रहिवासी लोकांच्या वस्तीवर हल्ला केला. बायकामुलंही मारली गेली. चाकोरी बघताना हेही ठाऊक असू द्या.

पुढे ब्रिजपोर्टनंतर चिमणी रॉक दिसू लागतो, म्हणजे धुराडंच. पायथ्यापासून टोकापर्यंत सुमारे तीनशे फूट. चिकणमाती, ज्वालामुखीची राख आणि वालुकाश्म यांचा सुळका. मूळ रहिवाशांनी त्याला दिलेलं नाव चारचौघांत सांगण्यासारखं नाही, तिथल्या कर्मचाऱ्याला खासगीत विचारा. गोऱ्या प्रवाशांच्या रोजनिशांत याच्याइतका उल्लेख दुसऱ्या कुठल्या खुणेचा क्वचितच सापडतो. खिशातली पंचवीस सेंटची नाणी तपासा: २००६ च्या नेब्रास्काच्या नाण्यावर हाच सुळका आणि शेजारी छपराची गाडी आहे.

तिथून अर्ध्या तासावर स्कॉट्स ब्लफ हा कडा, नदीपात्रापासून आठशे फूट उंच. माथ्यापर्यंत मोटार जाते. १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतल्या पोरांनी तो रस्ता बांधला, तीन बोगद्यांसह. आईवडील भारतातून आलेले असतील तर त्यांना गाडीनं वर न्या आणि तुम्ही सॅडल रॉकच्या पायवाटेनं खाली उतरा. पायवाट सोडू नका. इथे रॅटलस्नेक असतात, आणि आवाज आला की थबकून मागे फिरायचं, फोटो काढायचा नाही. दुपारी ढग भरून आले की माथ्यावर थांबू नका. इथली वीज आणि गारा दोन्ही घाटावरच्या वळवापेक्षा आडमाप.

घड्याळाचं सांगायचं राहिलं. राज्याचा पश्चिम भाग एक तास मागे आहे. पहिल्या फेरीत आम्ही भल्या पहाटे निघून, धापा टाकत 'वेळेवर' पोचलो आणि बंद दरवाज्यासमोर तासभर दशम्या खात बसलो. पेट्रोल अर्धं उतरलं की भरा, पुढचं गाव येईलच असं धरून चालू नका. शाकाहारी असाल तर स्कॉट्सब्लफ गावात मेक्सिकन खानावळ शोधा. बीटाच्या शेतात राबायला आलेल्या कुटुंबांनी तिथे मुळं धरली. गावात बीटापासून साखर करणारा कारखानाही आहे. सांगली-कोल्हापूरकडच्यांना फक्त मळीच्या वासातला फरक जाणवेल.

एवढ्या लांब जायला सुट्टी नसेल तर लिंकनच्या दक्षिणेला बीट्रिसजवळचं होमस्टेड. नाव पडलं ते १८६२ च्या होमस्टेड कायद्यावरून: १६० एकर जमीन जवळजवळ फुकट, पाच वर्षं राहून कसायची. नागरिकत्व नसलं तरी ते घेण्याचा इरादा जाहीर केला की पुरे. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या माणसाला हे वाचून हसावं की रडावं कळत नाही. पण थांबा. त्या काळी परदेशातून आलेल्यांत नागरिक होता येत होतं फक्त गोऱ्यांना, १८७० नंतर आफ्रिकी वंशाच्यांनाही. भारतीयांना तो हक्क मिळाला थेट १९४६ मध्ये. आणि ज्या ओटो-मिझुरिया लोकांची ती जमीन होती, त्यांच्याकडून ती १८५४ च्या करारानं गेली. उरलेल्या राखीव पट्ट्यावरूनही १८८१ मध्ये त्यांना ओक्लाहोमाला जावं लागलं. 'नेब्रास्का' हे नाव मात्र त्यांच्याच भाषेतलं, सपाट पाणी या अर्थाचं. तिथे जपलेल्या उंच गवतात ऑगस्टअखेर जा, गवत डोक्याच्या वर गेलेलं असतं. घरी आल्यावर पिंढऱ्यांना गोचीड चिकटलेली नाही ना, बघा.

माझे बाबा आले तेव्हा त्यांना मी स्कॉट्स ब्लफला नेलं होतं. खिंडीजवळ मांडलेल्या जुन्या धाटणीच्या गाड्यांपाशी ते थबकले, चाकाचे आरे हातानं चाचपले आणि रेंजरला विचार म्हणाले, वंगण काय घालायचे? तिनं सांगितलं, डांबर आणि चरबी, मागच्या आसाला बादली टांगलेली असायची. बाबा म्हणाले, "आपलं नळकांडं असायचं. बाकी तेच."