सीव्हीटीएसचा थिसिस करताय? स्टॅटिस्टिशियनकडे जाण्याआधीच होणाऱ्या या चुका टाळा

सर्जरीतल्या एमसीएच किंवा डीएनबी पदवीचं शेवटचं वर्ष लागलं की रेसिडेंटची धावपळ ठरलेली. डेटा शीट पेनड्राइव्हवर घालायची, पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागात जाऊन स्टॅटिस्टिशियनना गाठायचं आणि म्हणायचं, "सर, एवढी पी व्हॅल्यू काढून द्याल का?" (म्हणजे दिसणारा फरक निव्वळ योगायोग आहे का, याचा अंदाज देणारा आकडा.) तोवर बिघडायचं ते बिघडून गेलेलं असतं. हृदय, रक्तवाहिन्या आणि छातीच्या शस्त्रक्रियांवरच्या (म्हणजेच सीव्हीटीएसच्या) संशोधनात गणित सहसा बरोबरच येतं. घोळ होतो तो कोणता पेशंट कोणत्या रकान्यात बसवला आणि त्याचं घड्याळ कधीपासून लावलं, तिथे.

ठरलेलं ऑपरेशन आणि झालेलं ऑपरेशन

ऑफ-पंप (हृदय धडधडत असतानाच केलेला) आणि ऑन-पंप (हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या मशीनवर केलेला) बायपासची तुलना हा आपल्याकडचा लाडका विषय. केसेस काढायच्या ओटी (ऑपरेशन थिएटर) रजिस्टरमधून. ते पान जरा निरखून बघा. सकाळच्या लिस्टप्रमाणे 'ऑफ-पंप सीएबीजी' (सीएबीजी म्हणजे बायपास) लिहिलेलं असतं, त्यावर रेघ मारून शेजारी 'ऑन-पंप' केलेलं असतं. मधल्या वेळात काय झालं? मागच्या बाजूच्या आर्टरीवर ग्राफ्ट (बायपासची नवी रक्तवाहिनी) जोडायला हृदय उचललं, प्रेशर कोसळलं आणि घाईघाईने कॅन्युला (नळ्या) टाकून पंप सुरू करावा लागला. अशा पेशंटचा निकाल बिघडण्याची शक्यता मुळातच जास्त. पण रजिस्टरमधली शेवटची नोंद उचलली, की त्याचा मृत्यू किंवा किडनी बसणं ऑन-पंपच्या खात्यावर जमा होतं आणि ऑफ-पंपचा रकाना फुकटात स्वच्छ होतो.

हे अपवादात्मक नाही. अमेरिकेतल्या व्हेटरन्स हॉस्पिटलांमध्ये झालेल्या 'रूबी' ट्रायलमध्ये २,२०३ पेशंट होते. त्यात ऑफ-पंप ठरलेल्यांपैकी १२.४ टक्के पेशंट पंपावर घ्यावे लागले. तिथे सर्जनला साधारण २० ऑफ-पंप केसेसचा अनुभव पुरेसा धरला होता, यावर पुढे बरीच टीका झाली. 'कॉरोनरी' ट्रायलमध्ये ४,७५२ पेशंट घेताना त्या-त्या पद्धतीच्या १०० पेक्षा जास्त केसेस केलेलाच सर्जन चालेल अशी अट घातली, तरी ऑफ-पंप ठरलेल्यांपैकी ७.९ टक्के पेशंटांचा पंप सुटला नाही. तेव्हा तुमच्या शीटमध्ये कन्व्हर्जन (ऑफ-पंप सोडून पंपावर जाणं) शून्य दिसत असेल, तर आनंद मानण्याआधी ॲनेस्थेशिया चार्ट आणि परफ्युजन शीट (पंपाच्या वापराची नोंद) काढून बघा.

उपाय सोपा आहे. एक रकाना ठरलेल्या पद्धतीचा, एक झालेल्या पद्धतीचा, आणि तिसऱ्यात बदलाचं कारण. मुख्य हिशेब ठरलेल्या पद्धतीप्रमाणेच मांडायचा. सर्जन कोण आणि त्याची ही कितवी केस, हेही लिहून ठेवा. पुढे गाइडने विचारलं तर ते पुन्हा शोधत बसावं लागत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. ग्राफ्टसाठी छातीच्या आतली एक मॅमरी आर्टरी वापरावी की दोन्ही, यावरच्या 'आर्ट' ट्रायलमध्ये ३,१०२ पेशंट होते आणि सात देशांमध्ये भारतही होता. दहा वर्षांनी दोन्ही मॅमरीच्या गटात २०.३ टक्के आणि एका मॅमरीच्या गटात २१.२ टक्के मृत्यू, म्हणजे बरोबरीच. पण दोन मॅमरी ठरलेल्यांपैकी १३.९ टक्क्यांना प्रत्यक्षात एकच लागली आणि एका मॅमरीच्या गटातल्या २१.८ टक्क्यांना जोडीला रेडियल (हातातली आर्टरी) मिळाली. मग लोकांनी 'झालेल्या' ऑपरेशनप्रमाणे आकडे वाचायला सुरुवात केली, आणि तसं वाचलं की एकापेक्षा जास्त आर्टेरियल ग्राफ्टवाले सरस दिसतात. दिसणारच. ज्याला दुसरी मॅमरी लावली नाही, त्याला ती का लावली नाही हे ओटीत उभ्या असलेल्या कोणालाही विचारा: शुगर हाताबाहेर, वजन जास्त, फुप्फुसं खराब, छातीचं हाड नीट जुळेल की नाही ही धास्ती. या फरकातून पुढच्या ट्रायलसाठी प्रश्न मिळतो, पुरावा म्हणून तो वापरू नका.

घड्याळ कधी सुरू करायचं

ही चूक जुनी आहे आणि ती नामवंतांच्याही हातून झालेली आहे. १९६८ च्या सुरुवातीला जगभर हृदयप्रत्यारोपणाची लाट आली. स्टॅनफर्डमध्ये जानेवारीत आणि मुंबईत केईएमला डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारीत ते केलं. अमेरिकेतल्या पहिल्या अहवालांमध्ये प्रत्यारोपण झालेले पेशंट न झालेल्यांपेक्षा जास्त जगलेले दिसत होते. १९७२ मध्ये मिचेल गेल यांनी त्यातली मेख दाखवली: प्रत्यारोपण मिळण्यासाठी डोनर मिळेपर्यंत जगणं भागच असतं. वाट बघता बघता जो गेला तो आपोआप 'प्रत्यारोपण नाही' या गटात पडला. म्हणजे एका गटाला काही दिवसांचं जगणं आधीच बहाल केलेलं होतं.

आजही एंडोकार्डायटिसवरच्या (हृदयाच्या आतल्या अस्तराला, व्हॉल्व्हला होणारा संसर्ग) थिसिसमध्ये हेच होतं. 'ऑपरेशन झालेले' आणि 'फक्त अँटिबायोटिक्स' असे दोन गट पाडतात, आणि ॲडमिट झाल्यावर दुसऱ्याच रात्री गेलेला पेशंट अँटिबायोटिक्सवाल्यांत जातो. त्याचं ऑपरेशन गुरुवारच्या लिस्टवर लागलेलं असलं तरी. एम्पायेमात (छातीत पू साठणं) आयसीडी (पू काढायची नळी) विरुद्ध डीकॉर्टिकेशन (फुप्फुसावरचं जाड आवरण सोलून काढणं) याचंही तसंच. यातून सुटायचं असेल तर एक दिवस आधी ठरवा, समजा सातवा. त्या दिवशी जिवंत असलेल्यांचेच, तोवर ऑपरेशन झालंय की नाही यावरून गट पाडा आणि मृत्यू तिथून पुढे मोजा. सातव्या दिवसाआधी गेलेल्यांची संख्या मात्र वेगळी छापा, लपवू नका. स्टॅटिस्टिशियन तयारीचे असतील तर ऑपरेशनची तारीख काळाप्रमाणे बदलणारा घटक म्हणूनही घेता येते.

आला नाही म्हणजे बरा आहे?

संधिवाताच्या तापाने मायट्रल व्हॉल्व्ह खराब झालेली पस्तिशीची बाई बीडहून येते, जन आरोग्य योजनेत मेटल व्हॉल्व्ह बसतो, डिस्चार्ज कार्ड घेऊन ती घरी जाते. केस पेपरवरचा मोबाइल नंबर सोबत आलेल्या भाच्याचा असतो. सहा महिन्यांनी ओपीडीत येणारे बहुतेक धडधाकटच असतात. ज्यांनी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सोडल्या आणि ज्यांचा व्हॉल्व्ह गुठळीने अडकला, त्या तालुक्याच्याच दवाखान्यात गेलेल्या असतात, आणि आपल्या शीटमध्ये 'फॉलोअप नाही' एवढंच उरतं. मग या पेशंटांना वगळून काढलेला 'व्हॉल्व्ह थ्रॉम्बोसिस'चा (व्हॉल्व्हवर गुठळी होण्याचा) आकडा परदेशातल्या आकड्यांपेक्षाही देखणा निघतो.

डिस्चार्जच्या दिवशीच दोन नंबर घ्या: एक घरातल्या माणसाचा, एक शेजारी किंवा गावातल्या आशाताईंचा. नंतर फोन करण्याची परवानगी संमतिपत्रातच मागून ठेवा. फोनवर "कसं काय, बरं आहे ना?" विचारलं तर "बरं आहे"च ऐकू येणार. त्याऐवजी शेवटचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) कधी आणि कुठे तपासला, किती आला, गोळी किती घेता, असं विचारा. पेशंट दगावली असेल तर अचानक धाप लागली होती का, लकवा मारला होता का, गोळ्या कधी थांबल्या, हे हळुवारपणे विचारून लिहा. ज्यांचा पत्ताच लागला नाही त्यांची संख्या ठळकपणे द्या.

मृत्यूची व्याख्याही इथेच पक्की करा. आयसीयूत व्हेंटिलेटरवर राहून ३४ व्या दिवशी गेलेला पेशंट '३० दिवसांतले मृत्यू' या रकान्यातून निसटतो, घरी जाऊन विसाव्या दिवशी गेलेला 'हॉस्पिटलमधले मृत्यू' मधून. दोन्ही धरा.

आणि तीन महिन्यांच्या फॉलोअपवर 'दूरगामी परिणाम' असं शीर्षक देऊ नका. हृदयाचं पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या १,२१२ पेशंटांच्या 'स्टिच' ट्रायलमध्ये जवळपास पाच वर्षांनी औषधांच्या गटात ४१ आणि बायपासच्या गटात ३६ टक्के मृत्यू होते, आणि हा फरक ठाम मानता येत नव्हता. तेच पेशंट दहा वर्षं धरून ठेवले तेव्हा ६६.१ विरुद्ध ५८.९ टक्के, आणि तेव्हा बायपासचा फायदा स्पष्ट झाला.

शीटमधले किरकोळ घोळ

यावर फार वेळ घालवू नका, पण अर्धा तास घालवाच. क्लॅम्प टाइम (महाधमनीला चिमटा लावलेला वेळ) पंप टाइमपेक्षा जास्त असेल तर आकडे उलटे भरलेत. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) ९० दिसलं तर ते बाहेरच्या लॅबचं, वेगळ्या एककातलं आहे. रिकामा चौकोन म्हणजे 'नाही' असं सॉफ्टवेअर परस्पर धरू शकतं. 'माहीत नाही'साठी वेगळा कोड ठेवा.

हार्ट ॲटॅक कशाला म्हणायचं?

डाव्या मुख्य आर्टरीच्या ब्लॉकेजवर स्टेंट की बायपास, यावरच्या 'एक्सेल' ट्रायलमध्ये १,९०५ पेशंट होते. मृत्यू, स्ट्रोक आणि हार्ट ॲटॅक यांची मोट बांधून पाच वर्षांनी स्टेंटच्या गटात २२ विरुद्ध बायपासच्या गटात १९.२ टक्के असा निकाल आला, म्हणजे खास फरक नाही. नुसते मृत्यू मोजले तर स्टेंटच्या गटात १३, बायपासच्या गटात ९.९ टक्के. त्यातच ऑपरेशनच्या आसपासच्या हार्ट ॲटॅकची व्याख्या कोणती वापरली यावरून वाद पेटला आणि डिसेंबर २०१९ मध्ये युरोपातल्या हृदय-छाती सर्जनांच्या संघटनेने या विषयावरच्या मार्गदर्शक सूचनांना दिलेला पाठिंबा काढून घेतला.

बायपासनंतर ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढतंच. किती पटीने वाढलं, कितव्या तासाला आणि जोडीला ईसीजी किंवा इकोमध्ये काय बदल दिसला म्हणजे त्याला ॲटॅक म्हणायचं, हे एथिक्स कमिटीकडे देण्याच्या प्रोटोकॉलमध्येच लिहा. दोन-तीन गोष्टींची मोट बांधत असाल तर प्रत्येकीचा आकडा सुटाही द्या. ट्रायल असेल तर सीटीआरआयवरची (भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची नोंदवही) नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी व्हायला हवी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे नंतरची नोंदणी घेत नाहीत, आणि निकाल हाती आल्यावर मुख्य मुद्दा बदललात तर जर्नलच्या रिव्ह्यूअरला आधीची नोंद तिथे वाचता येते.