सोलरच्या कामात नवीन आहात? आधी क्लॅम्प मीटर नीट बघा

घरगुती वायरिंग करून सोलरकडे वळलेल्यांना जुनी सवय नडते. मेन पाडला की लाईन मेली, हे हाताला पाठ झालेलं असतं. पॅनेलला मेन नसतो. आयसोलेटर (लाईन तोडायचा स्विच) पाडला तरी त्याच्या पॅनेलकडच्या बाजूला ऊन असेपर्यंत व्होल्टेज असतंच. चाळीस-पन्नास व्होल्टची बारा पॅनेल सिरीजमध्ये म्हणजे सरळ ५००-६००, आणि थंडीत त्याहून जास्त. ढग आले की करंट पडतो, व्होल्टेज फारसं नाही.

एवढं तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं असेल. मला गोत्यात आणलं ते मीटरने. वरिष्ठांनी दिलेला क्लॅम्प (वायरभोवती जबडा लावून करंट मोजणारा मीटर) वायरला लावला, शून्य आलं, मी कनेक्टरला हात घातला. तेवढ्यात दुसऱ्या एकाने आपला मीटर त्याच वायरवर धरला : नऊ अँपिअर! लेबलं अदलाबदल झालेली, बंद केला होता तो आयसोलेटर शेजारच्या इन्व्हर्टरचा.

मग माझा मीटर शून्य का दाखवत होता? साधा क्लॅम्प फक्त बदलता करंट ओळखतो, पॅनेलमधून येणारा डीसी त्याला दिसतच नाही. फसगत होते ती डायलवर डीसी व्होल्ट लिहिलेलं असतं म्हणून. ते प्रोबसाठी असतं, जबड्यासाठी नाही. अँपिअरच्या खुणेशेजारी सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल, तरच तो डीसी मोजतो. लावण्याआधी झिरोचं बटण दाबा. जबड्यात एकच वायर घ्या, प्लस-मायनस दोन्ही घेतल्या तर पुन्हा शून्यच. आणि सगळं चालू असतानाच आकडा बघून ठेवा. बंद केल्यावर तो पडताना दिसला, तरच त्या शून्याला अर्थ आहे.

क्रम असा : आधी एसी, मग डीसी आयसोलेटर, मग मोजणी, मगच कनेक्टर. इन्व्हर्टर उघडायचा असेल तर त्यावर लिहिलेला वेळ थांबा, आत कपॅसिटर भरलेले असतात. चालू लोडवर कनेक्टर ओढलात तर आर्क, म्हणजे हवेतून पेटती ठिणगी, ताणला जातो. पन्नास हर्ट्झचा एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, तिथे आर्क विझायला संधी मिळते. डीसीत ती नाही.

‘इतकी वर्षं असंच करतोय, काही झालं नाही’ म्हणणारा गुरू मिळाला तर त्याच्याकडून क्रिम्पिंग (वायरच्या टोकाला पिन दाबून बसवणं) शिका, बाकी काही नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर ‘बसतात की’ म्हणून जोडणारेही हेच. ते बसतात, मग तापतात, मग जळतात.

छतावर पडू नये म्हणून अंगाला बांधायच्या हार्नेसबद्दल वाद घालायचाच नाही. पक्क्या अँकरला अडकवलेला नसेल तर तो नुसता पट्टा आहे.

सुरुवातीला तुमचं काम हळू होईल, त्यावरून टोमणेही बसतील. बसू देत. मोजायची सवय लागली की वेग आपोआप येतो, घाबरण्यासारखं फार काही उरत नाही. फक्त काच फुटलेलं पॅनेल ओलं असेल तर फ्रेमलाही उघडा हात लावू नका, अर्थिंग तुटलेलं असलं तर तीही जिवंत असू शकते.