पांढरी दोनची व्हिसल: नागपुरात बसून आयरिश धून आणि गेलिक गाणं शिकताना

गेलिक गाणं (आयर्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या भाषांतलं) आणि टिन व्हिसल (पत्र्याची छोटी, तोंडात धरून उभी वाजवायची आयरिश बासरी) यांची गोडी लागते ती त्यांच्या उघडेपणामुळे. एक आवाज, एक ओळ. खाली कॉर्ड नाहीत, मागे वाद्यवृंद नाही, आणि नसल्याची उणीवही भासत नाही. शास्त्रीय किंवा भजनी गाण्यावर वाढलेल्या कानाला हे परकं वाटत नाही, आणि नेमकी तिथेच फसगत होते. ओळखीचं वाटतं म्हणून माणूस बासरीसारखी मींड घेत सुटतो आणि नाचाची धून रडकी होऊन बसते. ही धून उभी राहते श्वास, ठोका आणि बोटांच्या झटक्यावर. मींडेला इथे फार थोडी जागा आहे.

व्हिसल कोणती घ्यायची

पहिली व्हिसल डीची, म्हणजे पांढरी दोनच्या सुराची, घ्या. बहुतेक आयरिश धुना तिच्यावर बसतात. लांबी साधारण फूटभर, समोर सहा भोकं, मागे एकही नाही. दुकानदाराने व्हिसल म्हणून रेकॉर्डर (तसलीच दिसणारी युरोपी बासरी) पुढे केला तर मागे अंगठ्याचं भोक आहे का पाहा. असेल तर ठेवून द्या, त्याची बोटं वेगळी. बर्डीच्या बाजारात बासऱ्या हव्या तितक्या मिळतील, व्हिसल मात्र बहुधा ऑनलाइनच मागवावी लागेल. जनरेशन, फडोग, क्लार्क ही नेहमीची नावं. नवशिक्याला आमची पसंती क्लार्क स्वीटोनला: पत्र्याची निमुळती नळी, प्लास्टिकचं तोंड, कमी फुंकीत बोलते. क्लार्कचीच जुन्या घडणीची व्हिसल (रॉबर्ट क्लार्कने इंग्लंडमध्ये १८४३ पासून बनवलेली) लाकडी ठोकळ्याची असते. आवाज मऊ आणि हवेशीर, पण फुंक खूप खाते.

हातात आल्यावर फोनवरच्या ट्यूनरने तपासा. सहाही भोकं बंद: डी, म्हणजे पांढरी दोन, ५८७ हर्ट्‌झच्या आसपास. वरची तीन बंद: जी, म्हणजे पांढरी पाच, ७८४. तेवढीच बोटं ठेवून जोरात फुंकलं की बरोबर वरच्या सप्तकातला जी यायला हवा. खालचा आणि वरचा जी एकमेकांपासून २० सेंटहून (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) जास्त सुटत असतील तर ती नळी परत करा. सरावाने तो दोष जात नाही.

लो डी नावाची दुप्पट लांबीची व्हिसल असते. बर्नार्ड ओव्हर्टन या कारागिराने ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवली. ऐकून मोह होतोच, पण तिची भोकं इतकी लांब-लांब असतात की टोकांऐवजी बोटांची मधली पेरं टेकवावी लागतात. पहिलं वर्ष तिच्या वाटेला जाऊ नका.

नागपूरची हवा

नळीतली हवा तापली की सूर चढतो, दर अंशाला सुमारे ३ सेंट. जानेवारीची १० अंशांची पहाट आणि मे महिन्यातली ४५ अंशांची दुपार यांत कागदावर अख्ख्या अर्ध्या स्वराचं, म्हणजे पांढरी दोन ते काळी दोन एवढं, अंतर पडतं. फुंक गरम असल्यामुळे प्रत्यक्षात ते कमी होतं, तरी हार्मोनियमसोबत बसलात तर चटकन कळतं. थंडीत व्हिसल पाच मिनिटं काखेत धरून मग वाजवा. गार नळीत वाफेचं पाणी होऊन फट (तोंडातली फुंक जाण्याची अरुंद वाट) तुंबते आणि आवाज घोगरा होतो. तुंबलीच तर खिडकीवर (तोंडाजवळचं चौकोनी भोक) बोट अलगद ठेवून एकदा जोरात फुंका. रोजच तुंबत असेल तर भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब फटीतून सोडून वाळू द्या. पाण्याचे मणी धरत नाहीत.

उन्हाळ्यात सूर उतरवायचा तर तोंड नळीवरून किंचित बाहेर ओढायचं. खालच्या डीवर १ मिलिमीटरला सुमारे ६ सेंट पडतात, वरच्या स्वरांवर त्याहून जास्त. म्हणून ३ मिलिमीटरच्या पुढे गेलात की स्वरांची आपापसातली अंतरं बिघडू लागतात. जनरेशनचं तोंड डिंकाने बसवलेलं असतं. ते अर्धा मिनिट गरम पाण्यात बुडवून हळूच पिळलं की सुटतं. उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकडं होतं. गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या व्हिसलचंही तेच होतं.

कूलरच्या झोतात बसून सराव करू नका. खिडकीवरून आडवा वारा गेला की स्वर मध्येच मरतो आणि आपण उगाच बोटांना दोष देत बसतो. तर्री-पोहे झाले की चूळ भरा, मगच व्हिसल तोंडाला लावा. तेलकट लाळेचा थर फटीत बसतो. खर्रा तोंडात असेल तर वाजवायचा विचारच सोडा.

बोटं, बासरीच्या हिशेबाने

डावा हात वर, उजवा खाली, उजवा अंगठा मागून, वरून चौथ्या-पाचव्या भोकाच्या मध्ये. भोकं बोटांच्या टोकांनी न झाकता मांसल भागाने झाका. सहा बंद डी, मग खालून एकेक उचलत ई, एफ शार्प, जी, ए, बी. सगळी उघडी सी शार्प. साधा सी हवा असेल तर पहिलं उघडं, दुसरं-तिसरं बंद, बाकी उघडी. वरच्या सप्तकातल्या डीसाठी पहिलं बोट उचला, म्हणजे स्वर स्वच्छ फुटतो.

बासरी येणाऱ्यांना इथे फुकटची शिदोरी आहे. बासरीवर वरची तीन बंद केली की सा. व्हिसलवर त्याच बोटांनी जी येतो. म्हणजे जीला सा धरलं तर सगळी बोटं बासरीचीच: सहा बंद मंद्र पंचम, सगळी उघडी तीव्र मध्यम. फरक एवढाच की शुद्ध मध्यमासाठी अर्ध भोक झाकायचं नाही, वर सांगितलेली सीची बोटं वापरायची.

डीला सा धरलं तर बिलावल मिळतो, पण साच्या खाली काहीच नाही. मंद्र निषाद लागणारी धून असेल तर ती जीवर न्या. डी सा आणि साधा सी घेतला की खमाज थाटाचे स्वर, ई सा धरून सी शार्प ठेवला की काफीचे. आयरिश धुनांचा मोठा भाग या तीन थाटांत मावतो. मात्र त्यांना राग समजून चलन, वादी-संवादी शोधू नका. धुनेला फक्त तिची स्वतःची चाल असते.

चिरकणाऱ्या आवाजाची दोनच मोठी कारणं आहेत. एक, उजव्या हाताचं अनामिकेचं भोक नीट न झाकणं. दोन, खालच्या डी-ईवर फुंक जास्त लागणं. पहिलं तपासायला डीवर थांबा आणि एकेक बोट किंचित दाबून पाहा; ज्या बोटाने आवाज सुधारतो तिथे गळती. दुसऱ्यावर उपाय म्हणजे खालची डी दहा सेकंद, न फाटता, जेवढी हळू धरता येईल तेवढी धरणं. वरच्या सप्तकासाठी हवेचा वेग वाढवा.

आधी तोंडाने, मग बोटाने

जिग, रील आणि स्लिप जिग हे नाचाच्या धुनांचे प्रकार. जिग ६/८ ची: तीन-तीनचे दोन झोके. रील चारच्या ठोक्यात, एका बारमध्ये (तालाच्या एका तुकड्यात) आठ स्वर. स्लिप जिग ९/८ ची. जिगला दादरा आणि रीलला केहरवा जवळचा वाटतो आणि सुरुवातीला तबल्यावर तसं चालेलही. फक्त ‘खाली’च्या (तालातल्या रिकाम्या) मात्रेला आवाज मोकळा सोडू नका, कारण या नाचात खाली नसते, दुसरा ठोकाही पावलाचाच असतो. स्लिप जिगसाठी नऊ मात्रांचा ताल शोधत बसण्यापेक्षा दर तीन मात्रांना एक अशा तीन टाळ्या द्या.

बहुतेक धुनांना दोन भाग असतात, प्रत्येक आठ बारचा. पहिला दोनदा, दुसरा दोनदा, झाले ३२ बार. सारी धून सहसा तीनदा वाजते आणि न थांबता पुढची सुरू होते.

शिकताना नोटेशन शेवटी उघडा. एकाच वादकाची एकच जिग निवडा आणि ती डिडल-डी, डिडल-डी अशा निरर्थक अक्षरांत गुणगुणा. आयर्लंडमध्ये याला लिल्टिंग म्हणतात, स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये याचा शब्दांसह प्रकार आहे, पुर्श्ट अ बिअल. वाद्य नसताना त्यावर नाच चालत. चालता-चालता, म्हणजे फुटाळा तलावाला एक चक्कर मारताना, धून न अडखळता म्हणता आली की मगच व्हिसल घ्या. मेट्रोनोम ६० वर ठेवा, एका ठोक्यात तीन स्वर. नाचाची जिग ११०-१२० च्या घरात जाते. तिथे पोचायची घाई केली की पहिला स्वर लांब आणि तिसरा लंगडा होतो आणि तो लंगडेपणा मग सुटत नाही.

ऐकायला दोन टोकं घ्या. आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातल्या डूलिनचे मिको रसेल (१९१५–१९९४) यांचं वाजवणं साधं, जिभेने फुंक अडवून तोडलेलं, भरपूर मोकळ्या जागांचं. मेरी बर्गिन यांचं दाट, वाहतं, अलंकारांनी भरलेलं. आधी रसेल ऐका. त्यांच्या वाजवण्यात धुनेचा सांगाडा दिसतो.

श्वास कुठे चोरायचा

धुनेत श्वासाला जागा ठेवलेलीच नसते. ती स्वर गाळून करावी लागते. नवशिके हटकून आठव्या बारच्या शेवटी थांबतात आणि दर वेळी तिथेच खड्डा पडतो. ठोक्यावरचा स्वर वाजवा, त्याच्या पाठचा हलका स्वर सोडून द्या, त्या जागेत झटकन श्वास घ्या. ठोका कधीच गाळायचा नाही. प्रत्येक धुनेत अशा चार-पाच जागा आधी हेरून ठेवा आणि फेरीगणिक बदलत राहा. दम लागेपर्यंत थांबू नका, फुफ्फुसं अर्धी भरलेली असतानाच पुढचा श्वास घ्या.

कट आणि टॅप

अलंकारांची मुळं दोन. कट म्हणजे स्वर चालू असताना वरचं एक बोट निमिषभर उचलणं. डी, ई, एफ शार्प, जी या स्वरांवर तिसरं (वरून तिसऱ्या भोकावरचं) बोट उचला. एवर दुसरं किंवा पहिलं, बीवर पहिलं. टॅप म्हणजे स्वराच्या लगतचं खालचं भोक बोटाने टिचकी दिल्यासारखं झाकून सोडणं: जीवर चौथं, एवर तिसरं, ईवर सहावं. दोन्हींतून वेगळा स्वर ऐकू येता कामा नये, नुसती टक् यावी. आपल्या कणस्वराची सवय असलेल्यांचा कट हमखास लांब होतो. बोट उंच उचललं जातं म्हणून तो लांब होतो. दोन-तीन मिलिमीटर पुरतात.

जीवर रोल असा: जी, कट, जी, टॅप, जी. एकूण तीन स्वरांच्या वेळेत, पहिला जी किंचित लांब, जीभ फक्त सुरुवातीला. महिनाभर तो सुटा घोकला तरी धुनेत घातल्यावर लय ओढली जाणार हे गृहीत धरा. ओढली तर रोल काढून साधा जी वाजवा, धून आधी. खालच्या डीखाली भोकच नसल्याने तिथे टॅप होत नाही, म्हणून तिथे नुसत्या दोन-तीन वेगवेगळ्या कटांचा क्रॅन येतो. तो खूप नंतर. जीभही प्रत्येक स्वराला लावू नका, पण अजिबात न लावणं हाही दोषच आहे.

गाणं

आयर्लंडची आयरिश आणि स्कॉटलंडची गेलिक या बहिणी असल्या तरी दोन भाषा आहेत. एका वेळी एकीलाच हात घाला.

आयरिशमधल्या जुन्या वळणाच्या एकट्याच्या गाण्याला शॅन-नोस म्हणतात. साथ नाही, ठरलेला ठोका नाही. लय शब्दांच्या बोलण्यातून येते. पश्चिम आयर्लंडमधल्या कॉनमाराच्या गायकीत स्वरांची नक्षी दाट, वायव्येच्या डोनेगलमध्ये सहसा विरळ. कॉनमारासाठी कार्ना गावचे जो हीनी (१९१९–१९८४) ऐका, दक्षिणेच्या मन्स्टर प्रांतासाठी वॉटरफर्डच्या रिंग गावचे निकलास टोबीन. पहिल्या आठवड्यात फक्त एका कडव्याचे शब्द बोलायला शिका, तेही आयरिश बोलणाऱ्याच्या ध्वनिमुद्रणावरून. स्पेलिंगवरून गेलात तर बुडालात. ग़ज़ल ऐकणाऱ्यांच्या कानात ख़ आणि ग़ आधीपासून असतात. त्या दोन्ही ध्वनींची इथे सतत गरज पडते. मग एकेक ओळ गायकाच्या अर्ध्या सेकंद मागून म्हणा. नक्षी ओळीच्या शेवटी साठवू नका, ती शब्दाच्या मधल्या अक्षरांवर येते आणि दर कडव्याला बदलते. कंप नको, भावनेसाठी आवाज लहान-मोठा करणं नको, चेहऱ्यावर अभिनय तर नकोच. काही गायक अखेरचे शब्द न गाता नुसते बोलून गाणं संपवतात. व्हिसलवरची संथ धून बहुतेकदा अशाच गाण्याची असते. शब्द पाठ नसताना ती वाजवली की श्वास शब्दाच्या पोटातच तुटतो आणि जाणकाराला लगेच कळतं.

चार-सहा जणी मिळून गायचं असेल तर स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवरची लोकरी कापड मळण्याची गाणी घ्या. ओला ट्वीड (जाड लोकरी कापड) मेजावर आपटत, हातोहात सरकवत बायका ती गात. आपल्या जात्यावरच्या ओवीसारखी ती कामाची गाणी, फक्त इथे झीलही आहे: एकजण ओळ सांगते, बाकीच्या हो रो, हि री अशा अर्थहीन अक्षरांचं पालुपद धरतात. (कापड भिजवायला शिळं मूत्र वापरत, तेवढा तपशील अस्सलपणासाठी पाळायची गरज नाही.) ओली सतरंजी घ्या आणि मेजावर एका लयीत आपटा. सांगणारीची ओळ संपायच्या आधी झील घुसू नये आणि आपटण्याचा ठोका गाण्यासाठी कधीच थांबू नये, या दोन गोष्टी सांभाळल्या की बाकी जमतं.

चारजण जमले की

गोल बसा, आतल्या बाजूला तोंड करून. तीन जिगांचा एक संच आधी ठरवा, उदाहरणार्थ जी, मग डी, मग ई. शेवटच्या फेरीत ज्याने धून काढली त्याने मान हलवून बदल सुचवायचा. एका खोलीत दोनहून जास्त व्हिसल नकोत, वरच्या सप्तकात त्या कानात घुसतात. घरी शेजाऱ्यांचा विचार असेल तर खिडकीचा एक तृतीयांश भाग चिकटपट्टीने झाका, आवाज बराच खाली येतो. बोऱ्हान (आयरिश डफ) नसेल तर विदर्भातला डफ चालतो, एकच, आणि हाताच्या टाचेने कातडं मागून दाबून धरलेला. डफवाल्याने धून पहिल्यांदा पूर्ण ऐकायची आणि दुसऱ्या फेरीपासून हात लावायचा.