सगळ्यांसाठी बीएमएक्स ट्रॅक बनवताय? या चुका टाळा

आम्ही पहिला बीएमएक्स ट्रॅक, म्हणजे छोट्या सायकलींनी उंचवटे आणि वळणं पार करायचा मातीचा ट्रॅक, बनवला तेव्हा जेसीबीवाल्याला मोबाईलवर ऑलिंपिकचे व्हिडिओ दाखवले आणि सांगितलं की असंच पाहिजे. त्याने बिचाऱ्याने तसंच करून दिलं. पहिल्या रविवारी तीसेक पोरं आली आणि तासाभरात चार-पाच जणच चालवत होती, बाकीची कडेला सायकल धरून उभी. ते बघून फार वाईट वाटलं, कारण ट्रॅक त्यांच्यासाठीच तर केला होता. तेव्हापासून माझा एकच निकष आहे, नवीन पोराला पाय न टेकवता पूर्ण एक राउंड मारता आला पाहिजे, आणि त्याच ट्रॅकवर मुरलेल्या रायडरला पण घाम फुटला पाहिजे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डबल. डबल म्हणजे दोन उंचवटे आणि मध्ये खड्डा, उडी पूर्ण बसली तर ठीक, कमी पडली तर चाक थेट पलीकडच्या टोकावर आपटतं आणि माणूस हँडलवरून पुढे. यावर उपाय सोपा आहे, मधला खड्डा मुरूम टाकून भरा, वरून सपाट करा, झाला टेबलटॉप. आता ज्याला उडायचंय तो पूर्ण पार करेल, ज्याची उडी अर्धवट पडेल तो वर सपाटीवर उतरेल, आणि लहान मूल नुसतं चढून उतरेल. अडथळा तोच, पण तीन जण तीन प्रकारे चालवतात आणि कोणी अडकत नाही. डबल ठेवायचाच असेल तर शेजारून साध्या उंचवट्यांची वेगळी लेन द्या आणि दोन्ही लेन पुढे एकत्र येतात तिथे भरपूर रुंदी ठेवा, नाहीतर जोरात येणारा आणि हळू येणारा तिथेच भिडतात. यात कमीपणा काहीच नाही, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्येसुद्धा पुरुष आणि महिलांसाठी ट्रॅकचा काही भाग वेगळा होता.

दुसरी चूक स्टार्ट हिलची, म्हणजे जिथून रायडर सुटतात त्या टेकडीची. ऑलिंपिकमध्ये सुरुवात साधारण ८ मीटर उंचीवरून होते, इतर रेसिंगला ५ मीटर चालतं, आणि गल्लीतल्या पोरांसाठी दीड-दोन मीटर भरपूर झाले हो. जागा आणि पैसे असतील तर दोन उंचीचे स्टार्ट करा. पण उंचीपेक्षा पायथा जास्त बघा, उतार संपतो तिथे कोन राहिला तर हँडलला दणका बसतो आणि नवीन पोरं तिथेच घाबरतात, तो भाग गोलाईत उतरवा. पेडल नसलेली बॅलन्स बाईक घेऊन येणारी तीन-चार वर्षांची पिल्लं खालच्या सपाटीवरूनच सुटू देत.

मग येतात रोलर, म्हणजे ओळीने गुळगुळीत उंचवटे. "इथे पेडल मारावंच लागतं, स्पीडच राहत नाही" अशी तक्रार आली तर समजा अंतर चुकलंय. पंप ट्रॅकवाले (म्हणजे पेडल न मारता, अंग वर-खाली करून वेग घ्यायचे ट्रॅक बनवणारे) एक ढोबळ हिशोब वापरतात, उंचीच्या दहापट अंतर, म्हणजे ३० सेंटीमीटर उंची असेल तर शेंड्यापासून शेंड्यापर्यंत ३ मीटर. फार जवळ झाले तर पुढचं चाक चढावर ठोकतं, फार लांब झाले तर वेग मरतो. शेंडा टोकदार करू नका, कोणी तीनचाकी किंवा हाताने चालवायची सायकल घेऊन आलं तर सायकलचा खालचा भाग तिथे अडकतो, आणि अशा सायकली रुंद असतात म्हणून लेन आखायच्या आधी त्यांची रुंदी टेपने मोजून घ्या. आम्ही हे मोजलं नव्हतं आणि नंतर अख्खी एक कड पुन्हा तोडावी लागली.

बर्म म्हणजे वळणावरची तिरकी भिंत. लोक ती उभी आणि टाइट करतात, मग हळू चालवणाऱ्याला तिच्यावर जाताच येत नाही. खालून वर गोलाई वाढत जाऊ दे, हळू असेल तो खालून जाईल, जोरात असेल तो वरून. काय बिघडलंय ते टायरचे ठसे सांगतात. सगळे ठसे वरच्या कडेला गेले असतील तर बर्म ठेंगणा पडतोय, आणि वळणात शिरतानाच ब्रेकची घसट दिसली तर एकतर वळण टाइट आहे किंवा आधीचा अडथळा जास्त वेग देतोय.

आता माती, आणि इथे आपल्याकडची अडचण खरी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तडकते, तिच्यावर उभा केलेला उंचवटा एका वर्षात वाकडातिकडा होतो. काळी माती काढून टाका आणि मुरूम भरा, पण नुसता कोरडा भुसभुशीत मुरूम टायरखाली सरकतो, त्यात थोडी चिकण माती हवीच. एका वेळी १५ सेंटीमीटरच्या आसपास थर, पाणी मारायचं, दाबायचं, मग पुढचा थर. मोठं मशीन पोचत नाही तिथे धुम्मसने ठोका, हात भरून येतात पण पर्याय नाही. आणि शेवटचा थर घट्ट दाबायच्या आधी एक सहा-सात वर्षांचं पोर आणि एक चांगला रायडर, दोघांकडून चालवून घ्या, तेव्हा बदल करायला फावडं पुरतं, नंतर पुन्हा जेसीबी बोलवावा लागतो.

लँडिंगच्या, म्हणजे उडी मारून उतरायच्या जागेच्या, बाहेर खांब, झाड, दगड काही नको. परत वर जायचा रस्ता ट्रॅक ओलांडून नको.

बर्मच्या आतल्या बाजूला पाणी हमखास साचतं, तिथून पाइप किंवा चर आधीच काढून ठेवा. पावसाळ्यात उंचवट्यांवर ताडपत्री टाका, आणि पाऊस थांबला की पोरं किती मागे लागली तरी आधी मातीत अंगठा दाबून बघा, ठसा उमटला तर त्या दिवशी ट्रॅक बंद.